वर्धा मार्गावरील क्रीडांगण

वर्ध्याहून नागपुरास मोटारीनें जाणाऱ्या प्रवाशास बुटीबोरी मागें पडल्यावर कांहीं वेळानें जामठा येथील दिव्यांचे उंच मनोरे दिसूं लागतात. विदर्भ क्रिकेट संघटनेचें हें विस्तीर्ण क्रीडांगण. सुमारें ४५ हजार प्रेक्षक येथें बसूं शकतात. परंतु याची कथा जामठ्यास सुरू होत नाहीं. ती नागपुरांतील सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानावर सुरू होते.

विदर्भाचा संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेंत प्रथम उतरला तो १९५७-५८ सालीं. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनीं, ३ ऑक्टोबर १९६९ रोजीं, या प्रांतिक मैदानावर भारत व न्यूझीलंड यांच्यांतील कसोटी सामना सुरू झाला. हेडली हॉवर्थ या फिरकी गोलंदाजानें दोन डावांत मिळून नऊ गडी बाद केले आणि न्यूझीलंडनें भारतभूमीवरील आपला पहिलाच कसोटी विजय मिळविला. यजमानांनीं इतकें अगत्य दाखवावयास नको होतें! त्याची भरपाई १९८७ च्या विश्वचषकांत झाली. त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध चेतन शर्मानें लागोपाठ तिघांचे त्रिफळे उडविले आणि सुनील गावसकरांनीं एकदिवसीय सामन्यांतील आपलें एकमेव शतक झळकाविलें.

परंतु खेळाडूंना पुरणारें मैदान प्रेक्षकांना पुरेनासें झालें. १९९५ च्या नोव्हेंबरांत सामना चालू असतां प्रेक्षागृहाची भिंत कोसळून कित्येकांनीं प्राण गमाविले. घरून शिदोरी बांधून सामना पहावयास निघालेला मनुष्य परत येत नाहीं, याहून दारुण प्रसंग खेळाच्या जागीं कोणता असूं शकेल? मैदानाचा मोठेपणा मोजतांना हा दिवस विसरतां येत नाहीं.

पुढें नगराबाहेर प्रशस्त जागा घेण्यांत आली. इंग्लंडांतील हँपशायर परगण्याच्या संघानेंहि साउदॅम्प्टनमधील जुनें मैदान सोडून शहराच्या कडेस नवें उभारलें. तेथें २०११ सालीं कसोटी सामना झाला. जामठ्यास तो मान २००८ च्या नोव्हेंबरांत मिळाला. सौरव गांगुलीचा तो अखेरचा कसोटी सामना. भारतानें ऑस्ट्रेलियास १७२ धावांनीं हरविलें.

मात्र भव्य प्रेक्षागृह उभें राहिलें म्हणजे मैदान आंतरराष्ट्रीय झालें, हें मला मान्य नाहीं. खरी परीक्षा बावीस यार्डांच्या पट्टीची. २००४ सालीं जुन्या मैदानावरील हिरवळ पाहून ऑस्ट्रेलियाचे जलद गोलंदाज हरखले, आणि भारत ३४२ धावांनीं हरला. उलट २०१५ सालीं जामठ्यास चेंडू असा वळला कीं दक्षिण आफ्रिकेचा एक डाव ७९ धावांत आटोपला, सामना तीन दिवसांत संपला, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळानें खेळपट्टी निकृष्ट ठरविली. एकदां गवताची तक्रार, एकदां धुळीची! प्रांतिक सामन्यांत अशी कुरबूर दोन संघांपुरती रहाते. येथें साऱ्या जगापुढें पंचनामा होतो.

आणखी एक हिशेब आहे. १९६९ सालीं विदर्भांत कसोटी सामना आला. परंतु विदर्भ संघाचा खेळाडू कसोटी सामन्यांत खेळावयास २०११ साल उजाडावें लागलें. तो मान उमेश यादवचा. मध्यंतरींचीं बेचाळीस वर्षें आपण पाहुण्यांचा खेळ पहात होतों! पुढें चित्र पालटलें. फैज फजलच्या नेतृत्वाखालीं विदर्भानें २०१७-१८ सालीं इंदुरास दिल्लीचा पराभव करून पहिला रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षीं जामठ्यासच सौराष्ट्रास ७८ धावांनीं नमविलें. २०२४-२५ सालीं केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तरी पहिल्या डावांतील आघाडीनें करंडक तिसऱ्यांदा घरीं आला. या सामन्यांना त्या उंच दिव्यांची गरज पडली नाहीं. माझ्या मतें जामठ्याचे खरे मोठे दिवस हेच.

नागपूरकर कुरकुरतात कीं मैदान दूर गेलें. मेट्रो खापरीपर्यंतच येते, पुढें रस्ता तुडवावा लागतो. आपल्याला मात्र तें जवळ आलें आहे. तथापि हिंगणघाट किंवा आर्वी येथील मुलाला जामठ्याच्या खुर्चीवर बसण्याहून तेथील पट्टीवर खेळणें हवें असतें, आणि त्याची पूर्वतयारी त्याच्या गांवींच व्हावयास पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणीं चांगली राखलेली गवती खेळपट्टी आणि ती सांभाळणारा जाणता माळी, एवढें मागणें संघटनेपुढें मांडण्यास वर्धेकरांनीं संकोच करूं नये.