पाठीवरची पिशवी



आज आपण एका साध्या वस्तूविषयी बोलू. ती म्हणजे पाठीवरची पिशवी. आता गावोगावी तिला सॅक म्हणतात. आपले वाडवडील पडशी वापरीत. पडशी खांद्यावर टाकली की एक कप्पा पुढे येई, एक मागे जाई. भार दोहींकडे वाटला जाई. पुढे ट्रंक आली, वळकटी आली. आता सॅक आली आहे. पोर शाळेला निघाले, पाठीवर सॅक. माणूस कामाला निघाला, पाठीवर सॅक. वारीला निघालो, तरी सॅकच. मग ती पारखून घ्यायला नको का?

आम्ही हे का सांगतो, ते आधी ऐका.

आमची दिंडी आळंदीहून पंढरपूरला पायी जाते. वाट सुमारे २५० किलोमीटरांची. जड सामान ट्रकमध्ये असते. दिवसभर लागेल तेवढेच पाठीवर. एका वर्षी पुणे सोडून आम्ही दिवे घाट चढत होतो. पाऊस लागला होता. बरोबर एक मावशी होत्या. त्यांनी वारीसाठी नवीकोरी सॅक घेतली होती. दिसायला झकपक. चार खिसे, चकाकणाऱ्या चेन. पण अर्ध्या घाटात एक पट्टा शिवणीतून उसवला. मावशी सॅक छातीशी धरून कडेला थांबल्या. दोरी शोधू लागल्या. तोवर दिंडी पुढे गेली.

मावशींना साखरेचा विकार आहे. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून तळाशी ठेवल्या होत्या. पाणी आत गेले. गोळ्यांचा लगदा झाला. मोबाइल भिजून बंद पडला. चिठ्ठीवर आमचा नंबर होता, पण तो शाईने लिहिलेला. शाई पसरली आणि नंबर गेला. मावशी आम्हांला सापडल्या त्या रात्री, सासवडला. कुडकुडत बसल्या होत्या. आम्हांला पाहून म्हणाल्या, "पांडुरंगाची कृपा, म्हणून भेट झाली." कृपा तर खरीच. पण चूक आमचीही होती. निघताना त्यांची सॅक आम्ही कुणीच हातात घेऊन पाहिली नव्हती.

तर मंडळी, दुकानात गेलात की रंग मागाहून बघा. आधी पट्टा बघा. सॅक तुटते ती बहुधा पट्ट्याच्या मुळाशी. तिथे एकच टीप असेल तर ती घेऊ नका. शिवणीचा चौकोन आणि त्यात फुली असेल, तर पट्टा पक्का. पट्टा धरून जोराने ओढून पाहा. दुकानदार रागावला तर रागावू द्या, पैसे आपले आहेत! पट्टा रुंद हवा. अरुंद पट्टा खांद्यात रुततो. आतला मऊ थर अंगठ्याने दाबा. दाब सोडल्यावर तो वर आला पाहिजे.

मग सॅक उलटी करून आतली शिवण बघा. धागे लोंबत असले, कापडाची कड सुटत असली, तर ती सॅक तिथेच ठेवा. तळ दुहेरी कापडाचा असलेला बरा, कारण तळच जमिनीवर घासतो. सॅकला टांगलेली चिठ्ठी वाचा. कधी तिच्यावर ६०० डी असा आकडा असतो. ९००० मीटर लांब धाग्याचे वजन किती ग्रॅम भरते, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा, तर धागा जाड. पण कापड जाड आणि शिलाई कच्ची, तर काय उपयोग? चेन दहा वेळा उघडझाप करा. कोपऱ्यावर अडली तर पुढे तिथेच तुटेल.

आता पैशांचा हिशेब करा. ३०० रुपयांची सॅक वर्षभर टिकली, तर पाच वर्षांत १५०० रुपये गेले. ८०० रुपयांची पाच वर्षे टिकली, तर ७०० रुपये वाचले. पण महाग ती टिकाऊच, असेही नाही बरं का. म्हणून डोळ्यांनी बघा, हातांनी ओढा, मग घ्या.

सॅक घेतली, आता भरायची कशी? आजोबांची पानाची चंची आठवा. पानाला एक कप्पा, सुपारीला एक, चुन्याच्या डबीला एक. अंधारातसुद्धा हात बरोबर जाई. तसेच करा. जुन्या लुगड्याच्या तीन-चार लहान थैल्या शिवा. एकीत कपडे, एकीत औषधे, एकीत कागदपत्रे. प्रत्येकीवर नाव लिहा. जड वस्तू पाठीला लागून ठेवा. त्या बाहेरच्या बाजूला ठेवल्या तर सॅक मागे ओढते आणि कंबर दुखते. दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्या. सॅक कमरेखाली लोंबू देऊ नका.

सॅकवर काहीही लिहिलेले असो, चेनमधून आणि सुईच्या छिद्रांतून पाणी शिरतेच. म्हणून औषधे आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. गोळ्या त्यांच्या पाकिटातच राहू द्या आणि हाताशी ठेवा, तळाशी नको. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीचे अक्षर पाण्याने पसरत नाही.

मुलांची दप्तरेही तपासा. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात म्हटले आहे, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे. मूल ३० किलोचे, तर दप्तर ३ किलोचे. रिकामे दप्तरच एक किलोचे असले, तर पुस्तकांना उरले किती? म्हणून मुलांसाठी हलके दप्तर घ्या.

सॅक मळली तर हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. सततच्या उन्हाने नायलॉन कमजोर होते. शिवण थोडी उसवली की लगेच टाका घाला.

त्या मावशी पुढच्या वर्षीही वारीला आल्या. मधल्या काळात त्या अक्षरवर्गाला जाऊ लागल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली सॅक आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या, ओढून बघा!" पट्टा पक्का होता. वरच्याच थैलीत चिठ्ठी होती. तीवर नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि आमचा फोन नंबर. अक्षर थोडे वाकडे होते, पण त्यांचे स्वतःचे होते. आणि पेन्सिलीचे होते.

तुम्हीही आज घरी गेल्यावर सॅक रिकामी करा. पट्टा ओढून पाहा आणि एक चिठ्ठी आपल्या हाताने लिहून आत ठेवा. आजचा धडा एवढाच.