उकिरडा आणि अवरक्त किरण



मृगाच्या तोंडावर नांदेड-लातूरकडील शेतकऱ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : उकिरड्यातले खत आज रानात टाकावे, की आणखी थांबावे? वरून काळेभोर दिसणारे खत आतून कच्चे असले, तर ते कुजविणारे जंतू पिकाच्या वाट्याचा नत्र आधी खातात आणि रोपे पिवळी पडतात. हुमणीचीही सोय होते. कोरडवाहू रानात दुबार पेरणी म्हणजे नवे कर्जच.

खत झाले हे ओळखावे कसे? वडीलधारी माणसे मूठभर खत नाकाशी नेत. मातीचा वास आला, ढीग उपसूनही पुन्हा तापला नाही, की झाले. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या इंदूर पद्धतीत सुमारे तीन महिने लागतात. पण केळीचे खांब लवकर कुजतात, पऱ्हाटी रेंगाळते. नुसते महिने मोजून भागत नाही.

येथे अवरक्त किरण उपयोगी पडतात. तांबड्या रंगापलीकडचे हे अदृश्य किरण विल्यम हर्शेलने १८०० साली शोधले. पदार्थातील प्रत्येक रासायनिक बंध त्यांतील ठरावीक लहरीच शोषतो. वाळवलेल्या खताची चिमूट पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून तिची टिकली करतात, ती यंत्रात ठेवतात आणि आलेख काढतात. सेंटिमीटरमागे २९२० व २८५० लहरींजवळच्या, स्निग्ध द्रव्यांच्या खुणा खत मुरताना ओसरतात. १६५० च्या आसपासची, ह्यूमसशी निगडित खूण त्यांच्या मानाने ठळक होते. १३८४ जवळ नायट्रेट डोकावते.

मात्र एक सावधगिरी हवी. १०३० जवळ काष्ठातील शर्करांची खूण असते, आणि चिकणमातीतील सिलिकाचीही तेथेच! आमच्या ढिगांत काळी माती हमखास मिसळते. तेव्हा मुरलेले खतही कच्चे ठरायचे. उलट, अवकाळी पावसाने नायट्रेट धुऊन गेले, तर चांगल्या खताची साक्षच नाहीशी होते.

म्हणून परक्या मुलखातील आलेख येथे जसाच्या तसा लावू नये. खत भिजवून गाळलेल्या पाण्यात थोडे मूग आणि साध्या पाण्यात तेवढेच मूग घालावेत. मोड व मुळे मोजावीत. त्याच खताचा आलेख शेजारी ठेवावा. नांदेडला १९९४ पासून विद्यापीठ आहे, लातुरास त्याचे उपकेंद्र आहे. गावोगावच्या ढिगांच्या अशा जोड्या तेथे जमल्या, तर यंत्राला आमची माती वाचता येईल. तोवर मुगाची साक्ष प्रत्येकाच्या घरी आहे. पेरणीपूर्वी ती जरूर घ्यावी.