६१ चं कोडं आणि पाटण्याचा मठ

आज गोष्ट एका आकड्याची. एकसष्ट. बसमध्ये असाल, शेतात असाल, ऐकता ऐकता मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा.

कोडं असं. शून्य सोडून एक पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, ६० नं गुणा आणि १ मिळवा. आलेलं उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग हवं. ४ घेतले तर १६ गुणिले ६०, म्हणजे ९६०, अधिक एक ९६१. हा ३१ चा वर्ग. झालं काम! ६२ साठी ८ घ्या, ३९६९ येतात, तो ६३ चा वर्ग. तेही सोपं.

आता मधल्या ६१ ला करा. एक, दोन, तीन... लाख झाले, कोटी झाले, तरी नाही. सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. बावीस कोटींच्या पुढं! आणि वर्गमूळ येतं १,७६,६३,१९,०४९. बऱ्याच फोनचा कॅल्क्युलेटर इथं आकडे गोल करून टाकतो, म्हणून नुसते शेवटचे दोन अंक तपासा. ८० चा वर्ग ६४००, शेवट ००. ६१ पट केली तरी ००, अधिक एक ०१. तिकडे ४९ चा वर्ग २४०१. जुळलं.

हे उत्तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' ग्रंथात दिलं. फर्मानं फ्रान्समध्ये हेच ६१ चं कोडं १६५७ साली घातलं.

त्यांनी बावीस कोटी वेळा गुणाकार केला नाही हो. रीत आहे चक्रवाल. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. हा ३ च पुढची वाट दाखवतो. ८ मध्ये अशी संख्या मिळवा की बेरजेला ३ नं भाग जाईल आणि त्या संख्येचा वर्ग ६१ च्या जवळ असेल. ती ७. आठ नि सात पंधरा, भागिले तीन, पाच. आता ५ चा वर्ग ६१ पट केला की १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. फक्त ४ चा फरक! फरक ४ वर आला की ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या नियमानं थेट त्या दहा अंकी आकड्यावर उडी मारता येते. चक्रवालही भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितीला माहीत होतं. 'सगळं आमच्याच गाववाल्यानं शोधलं' असले फॉरवर्ड मला म्हणून पटत नाहीत. युरोपनं तर या समीकरणाला पेलचं नाव दिलं, ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता!

आपल्या खान्देशाचा मान वेगळा आहे. चाळीसगावजवळ पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या विक्रीवरचा वाटा आणि घाण्यामागं ठरावीक तेल मठाला द्यायचं, असं त्यात आहे. तेलाच्या घाण्यावर चालणारा गणिताचा क्लास! पाटणादेवीला दर्शनाला आणि रील काढायला आपण जातो, पण ६१ ची दोन ओळींची आकडेमोड किती जणांनी केलीय?

पुढच्या भागाआधी ६७ करून बघा. सुरुवात ८ नंच होते, ६४ म्हणजे ३ कमी. उत्तर चार अंकी आहे. गूगल करू नका, कागद घ्या.