शाळेची शाकारणी



आजचा विषय आहे सरकारी शाळांची सुरक्षितता आणि शासनाचं साहाय्य. विषय मोठा आणि मला मिनिटं दिली आहेत दहा. म्हणून जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. शाळेच्या दुरुस्तीचा पैसा मे महिन्यात शाळेच्या खात्यावर पडला पाहिजे. दिवाळीनंतर नको, मार्चअखेरीस तर नकोच नको. पुढं काहीही बोललो तरी मी फिरून याच वाक्यावर येणार आहे, तेव्हा तेवढं एक ध्यानात ठेवा.

ज्याचं घर कौलारू आहे, तो माणूस चैत्र सरला की आढ्याकडं बघायला लागतो. शाकारणी करायची असते. कौलं उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, रीप दाबून बघायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा, पन्हळीतला पालापाचोळा ओढून काढायचा. घरात रोकड नसली तर माणूस सोसायटीतून किंवा सोयऱ्याधायऱ्यांकडून उचल करतो, पण शाकारणी आषाढावर ढकलत नाही. एकदा पाऊस लागला की कौलावर पाय ठरत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता शाळेकडं बघा. शाळा हेही घरच, आणि दिवसाचे पाच-सहा तास सगळ्या गावाची पोरं त्याच्या पोटात असतात. या घराची शाकारणी कोण करतं? इमारत जिल्हा परिषदेची, जागा ग्रामपंचायतीची नाहीतर कुणा भल्या माणसानं दान दिलेली, वापर मास्तरांचा आणि पोरं आपली. इतके धनी असले की वर कुणीच चढत नाही. मुख्याध्यापक सांगतात, प्रस्ताव पाठवलाय. पंचायत समितीत सांगतात, शाखा अभियंत्यांनी अंदाजपत्रक केलंय. जिल्हा परिषदेत सांगतात, जिल्हा नियोजन समितीकडून निधी आला की काम धरू. यातलं कुणी खोटं बोलत नाही. तरी मृगाचा पाऊस येतो तेव्हा छप्पर गेल्या वर्षी होतं तसंच असतं.

२१ ऑगस्ट २०१७. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं निंबोडी गाव. जिल्हा परिषद शाळेचं छत वर्गावर कोसळलं आणि तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५. राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यातलं पिपलोदी गाव. सकाळी सरकारी शाळेचं छत पडलं आणि सात मुलं गेली. महिने लक्षात घ्या, जुलै आणि ऑगस्ट. पिपलोदीच्या वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितलं की वरून खडे पडत होते आणि ते आम्ही मोठ्यांना सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी सांगितलं की धोकादायक शाळांच्या यादीत ही शाळा नव्हती. म्हणजे यादी होती. पण ती करताना त्या छताखाली उभं राहून वर बघणारं कुणी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं सगळ्या राज्यांना शाळांची सुरक्षा तपासणी करायला सांगितलं. सांगितलं ते चांगलंच केलं. पण तेव्हा श्रावण सुरू झाला होता. भर पावसात तपासणी करून दुरुस्ती कधी करायची?

मी केंद्रप्रमुख असताना शाळाभेटीला जाताना बरोबर बांबूची काठी ठेवत असे. सुरुवातीला मास्तर मंडळींना नवल वाटायचं. वर्गात गेलो की छताचा गिलावा त्या काठीनं ठोकून बघायचा. पक्का असेल तिथं आवाज टणक येतो. पोकळ, भदभद आवाज आला की तिथं गिलावा सुटलेला आहे. एका शाळेच्या व्हरांड्यात दोन बोटं रुंद तांबूस ओघळ दिसला आणि त्याच्या वरच्या टोकाला सळई उघडी पडलेली. खाली ओळीनं पोरं खिचडी खायला बसलेली. शिडी लावून वर गेलो. गच्चीचं पाणी जायचा पाइप तुंबलेला होता. त्यात बदामाच्या झाडाची पानं आणि पोरांचा फाटका प्लास्टिकचा चेंडू. कडेला भेगेत पिंपळाचं रोप हातभर वाढलेलं. पाणी साचून साचून स्लॅबमध्ये मुरत होतं.

स्लॅब कसा मरतो हे एकदा नीट समजून घ्या. पाणी मुरतं, लोखंडाला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि फुगून खालचं काँक्रीट ढकलून देते. म्हणून आधी भेग दिसते, मग तांबूस डाग, मग खडे आणि मग एखाद्या दिवशी सगळंच खाली. या सगळ्याला बरेच पावसाळे लागतात आणि प्रत्येक पावसाळ्याआधी एक मे महिना असतो. त्या तुंबलेल्या पाइपातला पाला काढायला एक माणूस आणि एक शिडी लागली. पाच वर्षांपूर्वी काढला असता तर स्लॅब वाचला असता. पाच वर्षांनंतर तिथं लाखांचं अंदाजपत्रक झालं.

आता पैशाचं बोलू. शासन काहीच देत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. समग्र शिक्षा योजनेतून प्रत्येक सरकारी शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे. पट तीसपर्यंत असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती. डोंगरातल्या वीस पटाच्या शाळेनं १० हजारांत वीजबिल भरावं की पत्रे बसवावेत? पण रकमेपेक्षाही मला वेळेचं जास्त लागतं. हे पैसे कित्येकदा आर्थिक वर्ष सरत आलं की शाळेत पोचतात आणि ३१ मार्चच्या आत खर्चाची बिलं लावायची धावपळ उडते. मार्चमध्ये आलेल्या पैशानं आदल्या जुलैची गळती थांबत नाही. शाकारणीचे पैसे पाऊस संपल्यावर हातात ठेवले, तर घरधनी त्यांचं करणार काय? म्हणून पुन्हा म्हणतो, पैसा मे महिन्यात हवा. रक्कम वाढवता येत नसेल तर आहे तेवढीच द्या, पण मेमध्ये द्या.

आपल्या राज्यात विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातात मूल दगावलं तर पालकांना दीड लाख रुपये मिळतात. योजना असायलाच हवी, आईबापांना तेवढा आधार हवाच. पण त्या दीड लाखात एका वर्गखोलीचं छप्पर वेळेवर सावरता येतं, हा हिशोब मंत्रालयातल्या माणसांनी मनावर घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि हा दयेचा प्रश्न नाही. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरातली आग शाळेच्या झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं जळून गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. २००९ साली निकाल आला की शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. शिक्षण हक्क कायदाही त्याच वर्षीचा. शाळेची इमारत सर्व ऋतूंत टिकणारी हवी, कुंपण हवं, मुलगे-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत, हे त्या कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेलं आहे. सर्व ऋतूंत म्हणजे पावसाळ्यातही.

सुरक्षितता नुसत्या छपराची नसते. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आलं. त्यानंतर शासनानं शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांचे आदेश काढले. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या तर २०२२ पासूनच्या. हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे, आज त्याला मी न्याय देऊ शकत नाही. एवढंच सांगतो की वीजबिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेत कॅमेरा चालत नाही आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नसेल तर भिंतीवरच्या समितीच्या नावांचा त्या मुलीला उपयोग नाही. कडी साठ-सत्तर रुपयांना मिळते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक लेकराला पाठ हवा, आपल्या आईच्या फोनइतका.

परत छपराकडं येतो. तुमच्यापैकी काहींच्या गावात शाळेची एखादी खोली धोकादायक ठरलेली असेल. अभियंता येऊन गेला, निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडायचा, प्रस्ताव गेला आणि खोली अजून उभी आहे. तिथं सरपण ठेवलंय, मोडकी बाकं ठेवलीत आणि मधल्या सुट्टीत पोरं सावलीला तिथंच खेळतात. अशी खोली दार लावून पुरत नाही. तिचा व्हरांडासुद्धा बंद केला पाहिजे, सभोवार दोरी नाही तर काटेरी कुंपण घातलं पाहिजे आणि मंजुरी आली की ती पाडलीच पाहिजे. मग वर्ग कुठं भरवायचा, असं मास्तर विचारतात. त्यांचं बरोबर आहे. समाजमंदिर आहे, ग्रामपंचायतीचं सभागृह आहे, दोन सत्रांत शाळा भरवता येते. नवी खोली होईपर्यंत भाड्याच्या जागेसाठी शासनानं ठरावीक रक्कम द्यायला हवी, आणि तीही... यावर बोलत बसलो तर वेळ पुरणार नाही.

कोकणातल्या श्रोत्यांना पत्र्यांबद्दल वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीतल्या शाळांचे पत्रे कसे उडाले ते तुम्ही पाहिलंत. करोनामुळं शाळा बंद होत्या म्हणून आत पोरं नव्हती. पत्र्याचे हूक सैल झालेत का, हे बघायला अभियंता लागत नाही. गावचा सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला शिडीवर चढला की त्याला कळतं.

आता थोडं रागावून बोलतो, राग मानू नका. शाळा व्यवस्थापन समिती ही तुमची समिती आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, कायद्यानंच. शाळा विकास आराखडा करायचा अधिकार तिचा. पण कित्येक गावांत समितीची बैठक म्हणजे वहीवर सह्या. शिपाई घरी येतो, बाईमाणूस चुलीपुढून उठून सही करते, संपली बैठक. ज्या घरात तुमचं लेकरू बसतं त्याच्या छताकडं वर्षातून एकदा तरी मान वर करून बघायला नको का? आपलं घर शाकारताना आपण शेजाऱ्याला हाक मारतो, चार हात जमवतो. मग शाळेच्या वेळी हात बांधून शासनाकडं बोट कशाला? शासनानं पैसा वेळेवर दिला पाहिजे, हे मी तीनदा सांगितलं आणि अजून सांगेन. पण मागणी लेखी गेली नसेल तर पैसा कशाच्या आधारानं यायचा?

मला खूण झाली आहे, दोन मिनिटं उरलीत.

येत्या १ मे रोजी तुमच्या गावात ग्रामसभा होईल. त्याआधी समितीच्या चार जणांनी, त्यात दोन आया हव्यातच, मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन शाळेभोवती एक फेरी मारा. काठीनं छत ठोकून बघा, पन्हळ आणि पाइप बघा, मीटरच्या पेटीतल्या उघड्या वायरी बघा, कुंपणाची कललेली भिंत बघा, पोषण आहाराचा गॅस कुठं ठेवलाय ते बघा. सापडेल ते एका कागदावर लिहा आणि फोटो काढा. जे गावाच्या हातचं आहे ते मेमध्येच उरका. जे नाही, त्याचा ठराव ग्रामसभेत घ्या आणि त्यात तीन शब्द न विसरता लिहा, ‘पावसाळ्यापूर्वी निधी मिळावा’. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाला द्या. जी खोली धोक्याची वाटते तिला त्याच दिवशी कुलूप लावा, उत्तराची वाट बघू नका. शाळा १५ जूनला उघडते, विदर्भात थोडी उशिरा. हातात फार दिवस नाहीत. आणि अर्ज दिलात की पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परत येऊ नका.