घंटेची वंशावळ



ज्युबिलीच्या या मंगल समयीं पेडगांवीं जुन्या वस्तूंविषयीं बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. वस्तु कोणी घडविली, ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हें शोधणें म्हणजे तिची वंशावळ लिहिणेंच होय.

आपल्या जिल्ह्यांतून वाहणारी गोदावरी नाशकास पंचवटीवरून येते. तेथें तिच्या कांठीं सन 1747 मध्यें बांधलेलें नारोशंकरांचें देऊळ आहे. त्याच्या दर्शनी बाजूस टांगलेल्या मोठ्या घंटेवर मात्र 1721 हें साल आहे. देवळाहून घंटा 26 वर्षांनीं वडील! अर्थात् ती अन्यत्र ओतली गेली. वाईजवळ मेणवली येथें, नाना फडणिसांच्या घाटावरील घंटेवर 1707 हें साल असून बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे. शिवालयासाठीं घडविलेल्या घंटेवर मरियामाता कशास येईल?

सन 1739 च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, आणि तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठे सरदारांनीं आपापल्या देवळांस वाहिल्या, अशी परंपरा आहे. येथें सावध असावें. साल घंटेचा जन्म सांगतें, मूर्ति तिचा धर्म सांगते; परंतु तिची वाट केवळ परंपरा सांगते. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी लिपीचा एखादा कागद शंभर दंतकथांहून मोलाचा ठरेल.

या घंटा परत मागाव्या काय? मला तें रुचत नाहीं. नाशिकची घंटा वसईस फार तर 18 वर्षें वाजली असेल. गोदेकांठीं तिनें अडीचशेंहून अधिक वर्षें काढलीं. तोही तिचा इतिहासच. युद्धांत कलावस्तु लुटूं नयेत असा हेगचा करार झाला तो सन 1954 मध्यें.

मला भय वाटतें तें लढाईचें नव्हे, आपल्याच औदासीन्याचें. जुना प्याला वितळविला जातो, जीर्ण मूर्ति फेरीवाल्यास दिली जाते, आणि तिजबरोबर दात्याचें नांवही जातें. सन 1972 च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी अशी मूर्ति खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं. पण ती आपली होती हें दाखविणार कशावरून? सन 1983 च्या धर्मसंहितेचें 1283 वें कलम मौल्यवान वस्तूंची वर्णनासह यादी करावयास सांगतें. वस्तूचें नांव, उंची, वजन, कोरलेलीं अक्षरें, पडलेला पोंचा, दात्याचें नांव आणि एक छायाचित्र, एवढें वहींत असावें. ज्या वृद्धांस हें स्मरतें, त्यांस याच महिन्यांत विचारावें.