वात, शनि आणि धारणीचा डंबा

गुडघे धरले, कंबर आखडली, झोंप उडाली, कीं आपल्याकडील वडीलधारी मंडळी दोन नांवें घेतात : वात आणि शनि. या दोघांची सोयरीक जुनी आहे. फलज्योतिषानें प्रत्येक ग्रहास त्याची प्रकृति नेमून दिली आहे. रवि-मंगळ पित्ताचे, गुरु कफाचा, आणि कृश, मंदगति शनि वाताचा. रूक्ष व शीत हे आयुर्वेदानें वायूचेही गुण सांगितले आहेत. म्हणून पत्रिकेंत शनि बिघडलेला दिसला, कीं ज्योतिषी सांध्यांचें दुखणें वर्तवितो आणि तीळ, उडीद, काळें वस्त्र व शनिवारचें तेल हा उतारा सांगतो. मौज अशी, कीं वातावर तेलासारखें औषध नाहीं हें वाग्भटासही मान्य आहे. ज्योतिषी तें मूर्तीवर ओतावयास लावतो, वैद्य गुडघ्यावर चोळावयास लावतो, इतकाच फरक. मूर्तीवरचें तेल निरुपद्रवी खरें. पण साडेसाती सरेपर्यंत तपासणी लांबणीवर टाकणें निरुपद्रवी नव्हे. सांध्यांना सूज आणणाऱ्या आमवातासारख्या रोगांत हाडांची हानि व्हावयास साडेसात वर्षे लागत नाहींत.

हाच वायु तान्ह्या मुलाच्या पोटांत शिरला असें मानलें, म्हणजे गोष्ट फारच निराळी होते. परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोह व हरिसाल मागें टाकून धारणीस जावें, तों मेळघाटांतील कोरकूंचा मुलूख लागतो. तेथें दुखण्यांत पत्रिकेपेक्षां भूमकाचा शब्द चालतो. अर्भकाचें पोट फुगलें किंवा त्याला धाप लागली, कीं तापविलेल्या विळ्यानें वा सळईनें पोटावर चटके द्यावयाचे. यास डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्यें शेजारच्या चिखलदरा तालुक्यांत अवघ्या २२ दिवसांच्या आजारी बालकास असे ६५ चटके दिल्याचें उघडकीस आलें.

हें ऐकून कोरकू आजीला रानटी ठरविणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. डाग देण्याचा इलाज ग्रंथांतही आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय असून त्वचा, मांस, शिरा, सांधे यांतील वाताच्या तीव्र वेदनेवर तें सांगितलें आहे. मात्र त्याच अध्यायांत डाग कोणास देऊं नये हेंही स्पष्ट आहे : पित्तप्रकृतीचा, दुर्बळ, वृद्ध, भित्रा, आणि बालक. म्हणजे वाताला डाग देण्यास ज्या शास्त्राचा आधार दाखवावा, त्यानेंच तान्ह्याला वगळलें आहे.

शिवाय पुष्कळदां तो पोटाचा वात नसतोच. न्यूमोनिया झालेलें मूल भराभर श्वास घेतें, त्याच्या बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जातो, पोट जोरानें वरखालीं होतें, आणि घरच्यांना वाटतें, पोटांतच कांहीं शिरलें. हें ओळखण्यास सेकंदकाट्याचें घड्याळ पुरतें. मूल शांत असतां पुरा एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे ६० वा अधिक, आणि पुढें वर्षापर्यंत ५० वा अधिक भरले, तर तातडीनें दवाखाना गांठावा. डागलेल्या कातडींतून जंतूंस वाट मिळते ती मिळतेच. उपचाराचे मोलाचे तास जातात, तें नुकसान त्याहून मोठें.

भूत उतरविण्याच्या नांवाखालीं तापल्या वस्तूचे चटके देणें महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. कायदा हवाच. परंतु विळा तापविणारी पुष्कळदां घरचीच म्हातारी असते, आणि तिनें तो नातवाचा जीव वांचावा म्हणूनच तापविलेला असतो. तिला शिक्षेच्या भयापेक्षां विश्वासाचा माणूस लवकर वळवितो. धारणी तालुक्यांतील बैरागड येथें डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनीं वर्षानुवर्षे राहून तो विश्वास मिळविला. २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आरोग्य खात्यानेंही भूमकांना शत्रु न मानतां त्यांना शिकविण्याचा व रोगी दवाखान्यांत धाडल्याबद्दल मानधन देण्याचा मार्ग धरला. ‘आधीं धारणीच्या रुग्णालयांत ने, मग माझ्याकडे ये’ असें भूमकानेंच सांगितलें, तर आई मुलाला उचलून त्याच पावलीं निघते.