घर पाहावे बांधून



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते. या दोन कार्यांत हात घातल्यावर खर्च कुठवर जाईल याचा नेम नाही, असा तिचा अर्थ. अर्थ खरा आहे. पण आजच्या काळात या म्हणीपुढे आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. घर बांधावे ते कोणत्या मिळकतीच्या आधारावर? पंधरा लाखांचे घर स्वस्त की महाग, याचे उत्तर त्या पंधरा लाखांत सापडत नाही. ते घर बांधणाऱ्याच्या मिळकतीत सापडते. आणि ही मिळकत शेंदूरजनाघाटसारख्या गावात दरमहा पहिल्या तारखेला येत नाही. ती बहराबरोबर येते आणि एखाद्या वर्षी येतच नाही.

पटीचे गणित

घराची किंमत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या किती पट आहे, यावरून ते परवडणारे की नाही हे ठरवण्याची रीत जगभर रूढ आहे. तीन ते पाच पटींपर्यंतचे घर सामान्य कुटुंबाला पेलते, त्यापुढे ओढाताण सुरू होते, असा ढोबळ दंडक सांगितला जातो.

आपल्या देशात मध्यमवर्गाला गृहकर्जाची वाट दाखवली ती हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली स्थापन केलेल्या एचडीएफसीने. त्यापूर्वी नोकरदार माणूस निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्य निर्वाह निधीतून घर बांधत असे. गृहकर्जाने ते घर तिशी-चाळिशीत आणले. ही संस्था २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेत विलीन झाली. पण तिने आपल्या कर्जदारांवरून मांडलेला हिशेब आजही अभ्यासण्यासारखा आहे. त्यानुसार १९९५ मध्ये घराची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे २२ पट होती. २००० नंतरच्या दशकात ती पाच पटींच्या आसपास आली. पगार वाढले, व्याजदर उतरले, नवरा-बायको दोघेही कमावू लागले.

या आकड्याने समाधान मानण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा हिशेब कर्ज मिळालेल्यांचा आहे. ज्याला बँकेच्या दारातून परत फिरावे लागले, तो या सरासरीत नाही. आणि ज्याची मिळकत महिन्याच्या मापात बसत नाही, असा शेतकरी, कलमांच्या रोपवाटिकेतील मजूर, बाजारातील हमाल, छोटा दुकानदार बहुधा दारातूनच परत फिरतो.

बाग एक, वर्षे तीन

शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, संत्र्याच्या कलमांसाठी नाव असलेले गाव. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार झालेली इथली कलमे दूरदूरच्या प्रांतांत लागली. कलम लावल्यावर फळासाठी पाच-सहा वर्षे थांबावे लागते. पुढे आंबिया बहराची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरतात, मृगाची फळे होळीच्या सुमारास. वर्षाची मिळकत अशी एकदोन हप्त्यांत हाती पडते, तीही गारपीट, फळगळ आणि बाजारभाव यांच्या तडाख्यातून वाचली तर.

उदाहरणादाखल तीन एकर बागेचे एक कुटुंब घ्यावे. खर्च वजा जाता एका चांगल्या वर्षी त्याच्या हाती पाच लाख रुपये राहिले. दुसऱ्या वर्षी अडीच लाख. तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला आणि भाव कोसळला. पाऊण लाखच राहिले. आता पंधरा लाखांचे घर या कुटुंबाला परवडते काय? पहिल्या वर्षाच्या मिळकतीने मोजले तर घर तिप्पट, म्हणजे सहज आवाक्यातले. तिन्ही वर्षांची सरासरी पावणेतीन लाख. तिने मोजले तर साडेपाच पट. तिसऱ्या वर्षाने मोजले तर वीस पट. विटा, रेती, सिमेंट, सळई आणि मिस्त्रीची मजुरी तीच असताना घराचे माप मात्र तीनदा बदलले.

घर बांधण्याचा निर्णय माणूस नेहमी चांगल्या वर्षी घेतो. बागेचा सौदा चांगला झाला की दसऱ्याला भूमिपूजन होते. त्या उत्साहात दहा लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे ८,६८० रुपये बसतो. वर्षाचे झाले एक लाख चार हजार. वाईट वर्षाची सगळी मिळकत पाऊण लाख. म्हणजे घरात चूल न पेटवता, मुलांची फी न भरता, सारा पैसा बँकेत नेऊन दिला तरी हप्ता फिटत नाही. मग पीककर्जाची रक्कम हप्त्याकडे वळते, बागेचे खतपाणी तुटते, पुढचा बहर आणखी कमी येतो. घर उभे राहते आणि ज्या बागेने ते उभे केले ती वाळू लागते. विदर्भाने कर्जाचे असे फेरे फार पाहिले आहेत.

म्हणून पहिला नियम हा, की घराचे गणित चांगल्या वर्षावर नव्हे, चार-पाच वर्षांच्या सरासरीवर मांडावे आणि हप्ता वाईट वर्षातही पेलेल एवढाच ठेवावा. वऱ्हाडातील जुनी माणसे एका वर्षी पाया भरत, दुसऱ्या वर्षी भिंती उचलत, तिसऱ्या वर्षी वर छप्पर चढे. नव्या पिढीला ही रीत गैरसोयीची वाटते. पण त्या अर्धवट भिंतींना व्याज लागत नव्हते, हे विसरू नये. बँका पीककर्जाची परतफेड हंगामाशी जोडतात. गृहकर्जाचा हप्ताही बहराशी जोडण्याची व्यवस्था सहकारी बँका आणि पतसंस्थांनी का करू नये? सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात ही मागणी संघटितपणे पुढे यायला हवी.

पुण्याचा फ्लॅट आणि घरची बाग

दुसरे चित्र तितकेच परिचयाचे आहे. मुलगा अभियंता होतो, पुण्याला नोकरीला लागतो. लग्नाची बोलणी सुरू होतात आणि मुलीकडून पहिला प्रश्न येतो, “स्वतःचा फ्लॅट आहे का?”

समजा, फ्लॅट साठ लाखांचा आणि मुलाच्या हाती पगार साठ हजार. वार्षिक उत्पन्नाच्या आठपटींहून अधिक. पगाराचा निम्मा भाग, म्हणजे तीस हजार रुपये हप्त्याला दिले, तरी साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्ज मिळेल सुमारे साडेचौतीस लाख. उरले साडेपंचवीस लाख. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि किरकोळ खर्च मिळून साडेचार लाख धरावेत. तीस लाखांची ही दरी भरायची कुणी? नजर गावाकडच्या बागेकडे वळते. आजोबांनी लावलेली, वडिलांनी विहीर खोदून जगवलेली बाग एका सह्यापत्रावर जाते.

मुलाने शहरात घर करू नये, असे कुणी म्हणणार नाही. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. साडेचौतीस लाखांच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याजच तीन लाखांच्या घरात जाते. तसाच फ्लॅट महिना अठरा हजारांनी भाड्याने मिळत असेल, तर वर्षाचे भाडे सव्वादोन लाखांहून कमी. काही वर्षे भाड्याने राहून, पगार वाढू देऊन, बचतीतून मोठा भाग उभा करून घर घेतले तर कमीपणा येत नाही. विवाह जुळवताना वधूपक्षानेही फ्लॅटचा दस्त पाहण्याआधी मुलाच्या डोक्यावरचे कर्ज विचारावे. लग्नाच्या मंडपावर होणारा खर्च दोन्ही घरांनी मिळून घराकडे वळवला, तर म्हणीतली दोन्ही कार्ये एकमेकांना बुडवण्याऐवजी एकमेकांना हात देतील. २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. साठ लाखांच्या घरावर ती साठ हजारांची होते, आणि घराच्या लक्ष्मीचे नाव कागदावरही येते.

मिळकत स्थिर तर घर स्वस्त

घर परवडण्यासाठी किंमत उतरावी, ही एक वाट. मिळकत वाढावी आणि स्थिर व्हावी, ही दुसरी. बागाईतदाराच्या हाती दुसरीच अधिक आहे. वरूड तालुक्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाल्याने विहिरी आणि बोअर खोल खोल गेले, दुष्काळी वर्षांत उभ्या बागा वाळल्या. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक. त्याने आयात शुल्क चढवत नेऊन २०२३ मध्ये किलोमागे ८८ टक्यांवर नेले, तेव्हा त्याचा फटका वऱ्हाडच्या बागेला बसला. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचे मोल शेतकऱ्याच्या पदरात पडायचे तर साठवण, प्रतवारी आणि रसप्रक्रिया गावाजवळ व्हायला हवी. नाल्यावरचा बंधारा आणि प्रक्रियेचा कारखाना हे घराच्या चर्चेत परके विषय वाटतात. प्रत्यक्षात घराचा हप्ता त्यांच्यावरच उभा असतो.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानववाद मांडताना प्रत्येकाला किमान जीवनमान आणि प्रत्येक हाताला काम यांचा आग्रह धरला. निवारा आणि मिळकत यांची सांगड त्यातच आहे. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ आणि १९७९ मध्ये भारतीय किसान संघ उभा केला, तो श्रमाला आणि शेतमालाला न्याय्य मोल मिळावे म्हणूनच. मोल मिळाले तर घरासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

शेजाऱ्याचे घर

तरीही ज्यांच्याकडे बागही नाही आणि पगारही नाही, अशी कुटुंबे प्रत्येक वस्तीत आहेत. २५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. तिच्या शहरी घटकात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल कुटुंबाला महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांचे साहाय्य ठरले. २०२४ मध्ये तिचा दुसरा टप्पा मंजूर झाला. अनेकांचे घरकुल अडते ते पैशापेक्षा कागदावर. जागेचा उतारा नाही, वडिलांच्या नावावरून नोंद बदललेली नाही, वाटणी तोंडी झालेली आहे. इथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. आपल्या वस्तीतील एका कुटुंबाचे कागद पूर्ण करून देणे हे काम छोटे दिसते. पण नगर परिषदेच्या आणि तहसीलच्या चार फेऱ्यांनी एका माउलीच्या डोक्यावर छप्पर येते.

याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र एक खोलीही ठेवली नाही. बेघराला आसरा देणे हा त्यांच्या दृष्टीने देवपूजेचा भाग होता. आणि कर्ज काढून मोठेपणा मिरवू नका, हे ते कीर्तनातून तळमळीने सांगत. आसरा द्यावा आणि ऋणात बुडू नये, या त्यांच्या दोन शिकवणी एकत्र घेतल्या तर घराचा सगळा विचार त्यात येतो. यंदा बहर चांगला आला आणि अंगणात विटांची गाडी उतरवण्याचा बेत ठरला, तर त्याआधी घरच्या सर्वांनी एका संध्याकाळी दिव्याजवळ बसावे, मागच्या पाच वर्षांची वही उघडावी आणि त्यातले सर्वांत वाईट वर्ष मोठ्याने वाचावे. त्या वर्षातही जे घर टिकेल, तेवढेच बांधावे.